साठवणीला ऊन

महिन्याच्या पहिल्या रविवारी आईचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती विचारते, "ऊन दाखवलंस का गं?" पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात उन्हात घालण्यासारखं काही नाही. गहू मी पाच किलोच्या पिशवीनं आणते, तांदूळही तसाच. आई विचारते ते राउटरशेजारी ठेवलेल्या एका लहानशा यंत्राबद्दल. त्याचा हिरवा दिवा रात्री दोन वाजता भराभर लुकलुकायला लागतो आणि थोड्या वेळानं शांत होतो. त्यात आमच्या घरचे फोटो आहेत.

सांगलीच्या घरी आई वर्षाचा गहू भरायची. एप्रिल-मेच्या उन्हात तो गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरायचा, चांगला तापला की निववायचा आणि कोठीत भरताना मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि बिब्बे घालायचे. पण भरलं म्हणजे काम संपलं, असं तिनं कधी मानलं नाही. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ती कोठीचं झाकण काढून तळापर्यंत हात घालायची. हाताला गरम लागलं किंवा पीठ लागलं की समजायचं, सोंडे झाले. मग सगळं बाहेर, चाळण, पुन्हा ऊन. हे तिचं हात घालून बघणं मला तेव्हा वेळखाऊ वाटायचं. आता मी तेच करते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. आमचं घर गावभागातलं. आईबाबा आधीच विश्रामबागला मावशीकडे गेले होते. जाताना औषधं, बँकेची पुस्तकं, घराची कागदपत्रं घेतली, फ्रीज टेबलावर चढवला. फोटोंची ट्रंक कॉटखालीच राहिली. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ती ट्रंक रोजच्या नजरेतली नव्हती. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा ट्रंकेत गाळ आणि त्यात एकमेकांना चिकटलेले अल्बम.

फोटो ओले असताना जबरदस्तीनं ओढायचे नाहीत आणि तसेच चिकटलेले वाळूही द्यायचे नाहीत, एवढं मला माहीत होतं. परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन आम्ही एकेक गठ्ठा त्यात सोडला. आई एका बाजूनं बोट फिरवत पानं सुटी करायची, मी दोरीवर चिमट्यांनी लावायचे. जुने काळे-पांढरे फोटो बरेच टिकले. रंगीत फोटोंचे हाल झाले. रंगीत कागदावर रंगांचे थर एकावर एक असतात, सगळ्यात वर निळसर, मधे किरमिजी, तळाला पिवळा. पाण्यानं वरचा थर सुटला की उरलेल्यातून लाल दिसतं, त्याच्याखालचा सुटला की पिवळं, आणि मग पांढरा कागद. माझ्या भावाचा मुंजीतला फोटो असा कडेनं जळल्यासारखा लाल-पिवळा झालाय. मध्ये त्याचा चेहरा आणि डोक्यावरचा घेरा मात्र जसाच्या तसा. जवळजवळ तीनशे फोटो गेले. 1,112 राहिले.

ते सगळे मी पुढच्या वर्षभरात स्कॅन केले. लॉकडाउनमध्ये वेळ मिळाला. 6 बाय 4 इंचांचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, घेतला की एक टिफ फाईल साधारण 26 एमबीची होते. सगळे मिळून 29 जीबी. भावाकडचे व्हिडिओ, आमच्या मोबाइलमधले फोटो, बाबांच्या वह्यांची पानं हे सगळं धरून 480 जीबी झालं. (बाबा 1983 पासून पावसाळ्यात रोज नदीचं पाणी किती फूट आहे ते वहीत लिहितात. सांगलीत असं लिहिणारे ते एकटे नसतील.)

ते ठेवायचं कुठे? भाड्याच्या ऑनलाइन जागेला माझा विरोध नाही. कुणाला तेच सोयीचं असेल तर त्यांनी जरूर घ्यावी. पण आमच्या घरात ते खातं एका माणसाच्या फोन नंबरवर, एका माणसाच्या पासवर्डवर आणि दरमहा भरलेल्या पैशांवर चालणार होतं. तो एक माणूस नसला की बाकीच्यांनी काय करायचं? मला अशी जागा हवी होती की उद्या मी नसले तरी भावाला डिस्क काढून कुठल्याही यंत्राला जोडता यावी आणि फोटो दिसावेत.

म्हणून 2020 च्या नोव्हेंबरात रास्पबेरी पाय 4 आणला. एटीएम कार्डाएवढा बोर्ड, वजन 46 ग्रॅम. केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून असा स्वस्त संगणक काढला. पहिला पाय 29 फेब्रुवारी 2012 ला विक्रीला आला, किंमत 35 डॉलर. माझ्याकडच्या बोर्डावर 'मेड इन द यूके' असं छापलंय, कारण वेल्समधल्या पेनकोड इथल्या सोनीच्या कारखान्यात हे बनतात. मुलांच्या अभ्यासासाठी काढलेली वस्तू माझ्या घरची कोठी होऊ शकली याचं कारण चौथी आवृत्ती. त्याआधीच्या पायमध्ये नेटवर्क आणि यूएसबी यांची ये-जा एकाच अरुंद वाटेनं व्हायची. डिस्कमधून वाचायचं तेही तिथूनच आणि वायरीवरून पाठवायचं तेही तिथूनच. 2019 च्या जूनमध्ये आलेल्या पाय 4 मध्ये नेटवर्कला स्वतःची खरी गिगाबिट वाट मिळाली आणि यूएसबी 3 चे दोन पोर्ट आले. गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला 125 एमबी, प्रत्यक्षात मला 110 च्या आसपास मिळतात. म्हणजे आमच्या घरचे चार जुने फोटो एका सेकंदात.

बाकी सामान साधं. 2 टीबीची बाहेरून लावायची डिस्क, 3 अँपिअरचा अडॅप्टर, एक लॅन केबल. सगळं मिळून वीज 7 वॉटच्या घरात घेतं. दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिन्याला पाच युनिट. आईचा पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा होता, दुसरा जास्त महत्त्वाचा: "लाईट गेली की यातले फोटो जातात का?"

माझं रोजचं काम हिशेबाचं आहे, त्यामुळे तिला उत्तर देताना मलाच ते नीट कळलं. डिस्कवर मी एक्स्ट-फोर नावाची मांडणी वापरते. तिच्यात जर्नल असतं, म्हणजे अक्षरशः रोजकीर्द. काय कुठे ठेवणार याची नोंद आधी रोजकीर्दीत होते, मग खतावणीत जाते. मध्येच लाईट गेली तर पुन्हा सुरू होताना यंत्र रोजकीर्द उघडतं, अर्धवट नोंद पूर्ण करतं किंवा सोडून देतं, आणि वही जुळते. त्या क्षणी जी फाईल लिहिली जात होती तिचं नुकसान होऊ शकतं, आधीपासून ठेवलेल्यांचं सहसा होत नाही. तरी राउटर आणि पाय या दोघांना मिळून एक छोटा यूपीएस लावलाय.

घरातल्या विंडोजवाल्या लॅपटॉपला आणि आमच्या फोनना ही डिस्क आपल्याच घरातलं कपाट असल्यासारखी दिसते, ती सांबा या प्रोग्रॅममुळे. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हे विद्यार्थी असताना त्यांनी 1992 च्या सुमारास त्याचा पहिला अवतार लिहिला. पीसी आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते त्यांनी वायरीवरून जाणारी पाकिटं वाचून ओळखलं आणि युनिक्स या वेगळ्या प्रणालीवरच्या यंत्रांना ती बोली शिकवली. एसएमबी ही त्या बोलीची आद्याक्षरं. शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द शोधताना 'सांबा' सापडलं. रात्री दोन वाजता फोटोंची प्रत करणारा आरसिंक हा प्रोग्रॅमही त्यांचाच, 1996 चा, पॉल मॅकेरास यांच्यासोबत केलेला. फाईलचा जो भाग बदलला तेवढाच पाठवायचा, ही त्यातली युक्ती. एका माणसानं सुरू करून सगळ्यांना मोकळेपणानं दिलेल्या दोन गोष्टींवर माझ्या घरचा फोटोंचा सगळा कारभार चालतो. हे आठवलं की मला मनापासून कृतज्ञ वाटतं.

दुसरी प्रत सांगलीला ठेवायची हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं, आणि त्याला कारण हरिपूर. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आत हळद भरून तोंड बंद केलं की हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, बराच वेळ तसंच ठेवायचं, हे तिथलं लहान पोरही सांगायचं. इतकी चांगली साठवण आणि 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. पेवांच्या बांधणीत खोट नव्हती. सगळी एकाच नदीच्या काठावर होती, एवढंच. आमची ट्रंकही तशीच होती.

म्हणून 2021 च्या फेब्रुवारीत दुसरा पाय आणि दुसरी डिस्क घेऊन मी स्वारगेटहून सांगलीच्या एसटीत बसले. 480 जीबी इंटरनेटवरून पाठवायचं तर माझ्या तेव्हाच्या 10 एमबीपीएस अपलोडनं साडेचार दिवस लागले असते. एसटीला पाच तास लागले. रोज रात्री नवे पंधरा-वीस फोटो जातात ते नेटवरून. दोन्ही घरांना इंटरनेटवर स्वतंत्र पत्ता मिळत नाही, म्हणून वायरगार्डवर चालणारी एक खासगी वाट केली आहे. राउटरचं दार उघडून डिस्क थेट इंटरनेटवर मांडायची नाही, एवढं मात्र मी कुणालाही बजावून सांगेन. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला तो याच एसएमबीच्या दारातून.

2021 च्याच जुलैत सांगलीत पाणी पुन्हा आलं. या वेळी आईनं फोनवर सांगितलं, "तुझी डबी घेतली हं. आधी ते बटण दाबून दिवा जाऊ दिला, मग पिन काढली." कापडी पिशवीत औषधांचा डबा, घराची कागदपत्रं आणि त्यावर टॉवेलात गुंडाळलेला पाय. अख्खी ट्रंक दोन माणसांना उचलावी लागायची. ही पिशवी बाबांनी खांद्याला लावली आणि ते विश्रामबागला चालते झाले. हे यंत्र लहान असण्याचं मोल मला किमतीवरून किंवा विजेच्या बिलावरून इतकं कळलं नव्हतं जितकं त्या एका वाक्यावरून कळलं.

मग 2022 चा एप्रिल. मी पुण्याच्या पायला दुसरी डिस्क लावली. पाय 4 च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून जेमतेम 1.2 अँपिअर मिळतात. दोन डिस्का एकदम फिरायला लागल्या की ते पुरत नाहीत. हे वाचलेलं होतं, पण चार दिवस चाललं म्हणून मी पुढेही चालू दिलं. पाचव्या रात्री कधीतरी व्होल्टेज पडलं, पाय आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि सुरू होताना फोटोंची डिस्क उभीच राहिली नाही. पाय ज्या प्रणालीवर चालतो त्या लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर लावतात, पाटावर ताट ठेवावं तशी. ताट उचललं की खाली रिकामा पाट दिसतो. दोन वाजता आरसिंक उठला. त्याला मी 'डिलीट'चा हुकूम दिलेला होता, म्हणजे इथे जे नाही ते तिथूनही काढून टाक. त्याला इथे पाट रिकामा दिसला. ताट उचललं गेलंय हे त्यानं ओळखायचं कसं? त्यानं सांगितलेलं काम चोख केलं आणि सांगलीची प्रत रिकामी केली.

सकाळी सात वाजता मी फोटोंचं फोल्डर उघडलं. काही नाही. सांगलीचं उघडलं. काही नाही. दोन शहरांत, दोन डिस्कांवर, एकही फोटो नाही. आईला फोन करायला माझा हात धजेना. पाणी उतरल्यावर त्या ट्रंकेचं झाकण उघडताना पोटात जे झालं होतं, तेच पुन्हा झालं, आणि या वेळी नदी आली नव्हती, मीच केलं होतं.

नोंदींच्या फाईलीत 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' ही ओळ सहा वेळा होती. ती दिसल्यावर जरा श्वास आला. पाय रीतसर बंद केला, नवी डिस्क काढली, जुनी एकटीच लावली, आधी तपासणी चालवली. ती पाऊण तास चालली. रोजकीर्द जुळली. फोल्डर उघडलं तर 1,112.

सांगलीची प्रत मी पुढच्या शुक्रवारी पुन्हा एसटीनं नेली. त्यानंतर पद्धत बदलली. फोटोंच्या फोल्डरात 'ताट' नावाची एक रिकामी फाईल ठेवलीय. ती दिसली नाही तर आरसिंक सुरूच होत नाही. रोजच्या प्रतीला त्या दिवसाची तारीख असते. जे बदललं नाही त्याची नवी जागा जात नाही, हार्ड लिंकनं जुन्यालाच बोट दाखवलं जातं, पण कालचं घर काल जसं होतं तसं उघडता येतं. वीज स्वतः घेणारा यूएसबी हब आणला. तिसरी डिस्क ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते, कशालाच न जोडलेली. काही जण दोन डिस्का एकमेकींचा आरसा करून ठेवतात. त्यांचा उपयोग एक डिस्क मेली तर होतो. मी इथे पुसलं तर आरशातही पुसलंच जाणार. कालचं हवं असेल तर आरसा कामाचा नाही.

आणि ऊन. शाळेत भागाकार केला की बाई ताळा करायला लावायच्या. ऑफिसात मी दिवसभर तेच करते. फाईलींचाही ताळा असतो. प्रत्येक फाईलीवरून चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते, फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ जवळजवळ सगळीच बदलते. स्कॅन केलं त्या दिवशीचे ताळे मी एका यादीत ठेवलेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाय प्रत्येक फाईल तळापर्यंत वाचतो, ताळा पुन्हा काढतो आणि यादीशी जुळवतो. दोन-अडीच तास लागतात. डिस्क स्वतःबद्दल काय सांगते तेही बघते. वाचता न आल्यामुळे अडकून राहिलेले तुकडे किती, हा आकडा शून्य हवा. गेल्या वर्षी सांगलीच्या डिस्कचा शून्याचा आठ झाला, पुढच्या महिन्यात चोवीस. मी तिसऱ्या महिन्याची वाट पाहिली नाही, डिस्क बदलली. कोठीत हात घातल्यावर गरम लागलं की आईही वाट पाहायची नाही.

शेवटी सांगलीच्या प्रतीतला कुठलाही एक फोटो इकडे मागवून उघडते. परत काढता येतो का, हे काढूनच बघायचं.

असाच एका रविवारी एक फोटो उघडला. घाटाच्या पायऱ्यांवर चार बायका, नऊवारीत, एकीच्या कडेवर मूल. ताळा जुळत होता. फोटो स्वच्छ होता. आणि मला त्यातलं एकही माणूस ओळखता आलं नाही. फोटोंच्या मागे आईनं, आजीनं शाईनं नावं लिहिली होती, ती पुरात धुऊन गेली. आम्ही पुढची बाजू वाचवत होतो, मागची कुणी बघितलीच नाही.

तेव्हापासून ताळा झाला की आम्ही दहा फोटो घेतो. मी एकेक आईच्या फोनवर पाठवते, ती सांगते, मी लिहिते. आकडा, नावं, गाव, साल आठवलं तर साल. साधी मजकुराची फाईल, कुठल्याही यंत्रावर उघडेल अशी. एवढ्या सगळ्या जीबींत ती 41 केबीची आहे, आणि तिच्या मी सगळ्यात जास्त प्रती ठेवते. एक छापूनही ठेवलीय. आईला चष्मा पुसत सांगायला वेळ लागतो. कधी एका फोटोवर अर्धा तास जातो, कारण लग्न कुणाचं होतं ते सांगताना ते कसं मोडता मोडता राहिलं तेही सांगावं लागतं. तेही मी लिहून घेते.

गेल्या रविवारी 412 वा होता. हरिपूरच्या श्रावणी सोमवारच्या जत्रेतला असावा, मागे संगमेश्वराचं देऊळ दिसतं. पाच जणी. चौघी आईनं पटापट सांगितल्या. पाचवी, डाव्या टोकाला, अर्धी चौकटीबाहेर, हातात नारळ.

"ही... थांब हं," आई म्हणाली. "ही आपल्या वाड्यातली नाही. मावशीला माहीत असेल. धर, मी तिला लावते दुसऱ्या फोनवरून."